कर्करोगाने अडविलेले पित्त आणि त्याला वाट करून देणारी नळी

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णाची कावीळ 'स्टेंट'ने उतरू शकते. मात्र ही नळी कोणती, केव्हा आणि कोणासाठी, हे समजून घेणे आवश्यक

छत्रपती संभाजीनगर : घरातील वयस्क व्यक्तीचे डोळे पिवळे दिसू लागले, की बहुतेक घरांत ठरलेले उपाय सुरू होतात. तेल-तूप बंद होते, उसाचा रस आणि फुटाणे आणले जातात, कोणी गळ्यात काविळीची माळ घालते, तर कोणी एखाद्या गावच्या झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देते. विषाणूंमुळे होणारी कावीळ अनेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीला पोटात फारसे न दुखता, ताप न येता कावीळ झाली आणि ती दिवसागणिक वाढतच गेली, तर तिचे कारण वेगळे असण्याची शक्यता मोठी असते. यकृतातून आतड्याकडे जाणारी पित्ताची वाटच कोठेतरी बंद झालेली असते आणि ती बंद करणाऱ्या कारणांमध्ये कर्करोग हे एक प्रमुख कारण आहे.

असा कर्करोग पुष्कळदा उशिरा लक्षात येतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. 'आता काही करता येणार नाही' असे नातेवाइकांना वाटते ते याच टप्प्यावर. प्रत्यक्षात गाठ काढता येत नसली, तरी अडलेले पित्त वाहते करणे बहुतेक वेळा शक्य असते. पित्तनलिकेत बसविला जाणारा स्टेंट हेच काम करतो. तो कर्करोग बरा करीत नाही. मात्र अंगाची असह्य खाज थांबविणे, मेलेली भूक परत आणणे, जंतुसंसर्ग टाळणे आणि केमोथेरपीचा मार्ग मोकळा करणे त्याच्यामुळे साधते. उरलेले दिवस कोणत्या अवस्थेत जाणार, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते.

कावीळ नेमकी कशामुळे?

यकृतात दररोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. यकृतातील असंख्य सूक्ष्म नलिका एकत्र येत येत उजवी आणि डावी अशा दोन मुख्य नलिका बनतात. यकृताच्या दाराशी त्या एकमेकींस मिळतात, पुढे पित्ताशयाची नलिका त्यांना येऊन मिळते आणि तयार झालेली मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या पहिल्या भागात उघडते. या मुख्य नलिकेचा व्यास जेमतेम ६ मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्या अरुंद नळीवर बाहेरून दाब आला किंवा आतून गाठ वाढली, की ती बंद होण्यास वेळ लागत नाही.

जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर तयार होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य पित्तावाटेच शरीराबाहेर पडते. निरोगी व्यक्तीच्या रक्तात ते प्रति डेसिलिटर साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीनच्या पुढे गेले, की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. नलिका पूर्ण बंद झाल्यास हा आकडा पंधरा-वीसच्याही वर जातो. बिलिरुबिन आतड्यात पोहोचत नसल्याने शौच पांढुरकी, मातकट होते. ते लघवीवाटे बाहेर पडू लागल्याने लघवी गडद, चहाच्या रंगाची होते. पित्तातील क्षार साठून अंगाला खाज सुटते. ही खाज रात्री वाढते, रुग्णाची झोप जाते आणि कातडी खाजवून रक्त निघते. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी ती सहसा थांबत नाही.

पित्ताअभावी स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यांच्यासोबत शोषले जाणारे 'के' जीवनसत्त्वही शरीराला मिळत नाही आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. साचलेल्या पित्तात जंतूंचा शिरकाव झाल्यास थंडी वाजून ताप येतो आणि संसर्ग थेट रक्तात पसरू शकतो. थोडक्यात, रुग्णाचे हाल केवळ गाठीमुळे होत नसून साचलेल्या पित्तामुळेही होत असतात आणि या दुसऱ्या कारणावर इलाज उपलब्ध आहे.

वाट अडविणारे कर्करोग

पित्तनलिका बंद करणाऱ्या कर्करोगांमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग, खुद्द पित्तनलिकेचा कर्करोग, पित्ताशयाचा कर्करोग आणि नलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी होणारा कर्करोग हे प्रमुख होत. याखेरीज जठर, मोठे आतडे, स्तन अशा अन्य अवयवांतील कर्करोग यकृताजवळच्या लसिका ग्रंथींत पसरला, तर त्या ग्रंथी फुगून नलिकेवर बाहेरून दाब देतात.

स्वादुपिंडाचा कर्करोग हा यांतील सर्वाधिक फसवा. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निधन झाले आणि एरवी फारसे न ऐकलेले हे नाव महाराष्ट्र-गोव्यातील घराघरांत पोहोचले. पोटाच्या मागील बाजूस, पाठीच्या कण्यालगत असलेल्या या अवयवातील गाठ हाताला लागत नाही आणि बराच काळ लक्षणेही देत नाही. निदानाच्या वेळी गाठ शस्त्रक्रियेने काढता येईल अशा स्थितीत असलेले रुग्ण शंभरात साधारण पंधरा ते वीसच असतात. उरलेल्यांमध्ये गाठीने मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढलेले असते, ती यकृतात वा अन्यत्र पसरलेली असते किंवा रुग्णाची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नसते. 'शस्त्रक्रिया शक्य नाही' या निर्णयामागे ही कारणे असतात.

आधी निदान, मग नळी

कावीळ दिसताच घाईने स्टेंट घालणे हे नेहमीच योग्य नसते. प्रथम सोनोग्राफीत यकृतातील नलिका फुगल्या आहेत का, हे दिसते. त्यानंतर सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी या तपासणीतून अडथळा नेमका कोठे आणि कशामुळे आहे, हे कळते. हे स्कॅन शक्यतो स्टेंट बसविण्यापूर्वीच व्हावे लागते. कारण स्टेंटमुळे आणि त्यानंतरच्या सुजेमुळे गाठीचे चित्र धूसर होते आणि शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही, हे ठरविणे अवघड बनते.

शस्त्रक्रिया शक्य असलेल्या रुग्णांत आधी स्टेंट घालून कावीळ उतरविणे दिसते तितके निर्धोक नाही. नेदरलँड्समधील २०२ रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगाने कावीळ झालेल्या काही रुग्णांची थेट शस्त्रक्रिया करण्यात आली, तर काहींना आधी स्टेंट घालून नंतर शस्त्रक्रिया करण्यात आली. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण पहिल्या गटात ३९ टक्के, तर दुसऱ्या गटात ७४ टक्के आढळले. त्यामुळे कावीळ फार तीव्र असेल, संसर्ग झाला असेल किंवा शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी द्यावयाची असेल, तरच अशा रुग्णांत आधी स्टेंटचा विचार होतो.

दुसरी दक्षता निदानाच्या खात्रीची. नलिका अरुंद करणारा प्रत्येक आजार कर्करोग नसतो. आपल्याकडे क्षयरोगाच्या गाठीही पित्तनलिका दाबू शकतात. स्वादुपिंडाला येणारी एका विशिष्ट प्रकारची सूज स्कॅनमध्ये हुबेहूब कर्करोगासारखी दिसते आणि ती स्टेरॉइडने बरी होते. म्हणूनच शक्य तेथे सुईने किंवा ब्रशने पेशी घेऊन तपासणी केली जाते. निदान निश्चित नसताना आवरण नसलेला धातूचा स्टेंट घालू नये, असे युरोपीय एन्डोस्कोपी संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. कारण असा स्टेंट नलिकेच्या भिंतीत रुतून बसतो आणि नंतर काढता येत नाही.

स्टेंट बसवितात कसा?

स्टेंट म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर हृदय उभे राहते. हा शब्द आला आहे तो चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज दंतवैद्याच्या आडनावावरून. त्याने दातांचे ठसे घेण्यासाठी तयार केलेले मिश्रण त्याच्याच नावाने ओळखले जात असे. पुढे शरीरातील कोणतीही पोकळी उघडी ठेवणाऱ्या आधाराला हे नाव मिळाले.

पित्तनलिकेतील स्टेंट बहुतांशी ईआरसीपी या पद्धतीने बसविला जातो. रुग्णाला गुंगीचे औषध किंवा भूल देऊन तोंडावाटे लवचिक दुर्बीण जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेली जाते. तेथे पित्तनलिकेचे तोंड एखाद्या लहानशा उंचवट्यासारखे दिसते. त्यातून बारीक तार आत सरकवली जाते, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली अडथळा पाहिला जातो आणि तारेच्या आधाराने स्टेंट अडथळ्यापलीकडे नेऊन बसविला जातो. पोटावर टाका पडत नाही. सारे सुरळीत झाल्यास ही प्रक्रिया साधारण तासाभरात आटोपते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ शकतो.

दुर्बिणीतून या नलिकेत प्रवेश करण्याचे तंत्र १९६८ मध्ये प्रथम वापरले गेले. १९७४ मध्ये नलिकेचे तोंड दुर्बिणीतूनच छेद देऊन रुंद करण्याची पद्धत आली. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे काम करणारे, मूळचे इंडोनेशियाचे शल्यचिकित्सक निब सोहेंद्रा यांनी १९७९-८० च्या सुमारास याच मार्गाने कर्करोगग्रस्त नलिकेत प्लॅस्टिकची नळी बसविली. तोवर अशा रुग्णांपुढे पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया किंवा कातडीतून यकृतात घातलेली नळी, हेच पर्याय होते.

पोट उघडून पित्ताला आतड्याकडे दुसरी वाट करून देणे चांगले की स्टेंट, याची तुलना ब्रिटनमधील २०४ रुग्णांवर करण्यात आली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उपचारामुळे मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात १४ टक्के, तर स्टेंटच्या गटात ३ टक्के होते. मोठ्या गुंतागुंतीही अनुक्रमे २९ आणि ११ टक्के अशा होत्या. आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. उलट बाजू अशी, की कावीळ परत येण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात कितीतरी अधिक होते. त्या काळी वापरलेले स्टेंट प्लॅस्टिकचे होते आणि ते तुंबत.

प्लॅस्टिक की धातू?

आज रुग्णाच्या नातेवाइकांसमोर सर्वप्रथम येतो तो हाच प्रश्न. प्लॅस्टिकच्या स्टेंटचा व्यास जास्तीत जास्त साडेतीन-चार मिलिमीटर असतो. सर्रास वापरला जाणारा '१० फ्रेंच' मापाचा स्टेंट ३.३ मिलिमीटरचा. दुर्बिणीच्या मार्गिकेतून याहून फार जाड नळी जाऊ शकत नाही. धातूच्या स्टेंटने ही अडचण दूर केली. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची ही जाळी बारीक आवरणात दाबून भरलेली असते. आवरण मागे ओढताच ती आपोआप उघडते आणि ८ ते १० मिलिमीटर रुंद होते. व्यास तिप्पट झाला, की पित्ताला वाहण्यास मिळणारी जागा सुमारे नऊपट होते.

नळी तुंबते का, याचे उत्तर नहरींच्या या शहराला निराळे सांगावयास नको. जुन्या नळात गाळ बसतो किंवा झाडाची मुळे शिरतात. प्लॅस्टिकच्या स्टेंटमध्ये जंतूंचा चिकट थर साचत जातो आणि साधारण तीन महिन्यांत तो बदलावा लागतो. धातूच्या जाळीत गाळ उशिरा बसतो. पण जाळीच्या छिद्रांतून कर्करोगाची गाठच मुळांप्रमाणे आत वाढू शकते. त्यावर उपाय म्हणून जाळीला आवरण असलेले स्टेंट निघाले. त्यांत गाठ शिरत नाही, मात्र ते जागेवरून सरकण्याचा धोका अधिक असतो.

नेदरलँड्समधील १०५ रुग्णांवरील १९९२ च्या अभ्यासात प्लॅस्टिकचा स्टेंट सरासरीने १२६ दिवस, तर धातूचा २७३ दिवस खुला राहिल्याचे आढळले. पूर्वी रुग्णाचे आयुष्य तीन-चार महिन्यांहून अधिक अपेक्षित असेल तरच धातूचा स्टेंट घ्यावा, असा संकेत होता. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांत मुख्य नलिकेतील अडथळ्यासाठी आता धातूच्याच स्टेंटची शिफारस केली जाते.

मराठवाड्याच्या संदर्भात या निवडीला आणखी एक बाजू आहे, ती अंतराची. ईआरसीपीची सोय आणि त्यातील निष्णात तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आढळतात. परभणी, हिंगोली किंवा बीडच्या एखाद्या खेड्यातील अशक्त रुग्णाला दर तीन महिन्यांनी प्रवास करून नळी बदलून घेणे झेपत नाही. तारीख टळते, नळी तुंबते आणि संसर्ग झालेल्या अवस्थेत रुग्ण गाडीत घालून आणावा लागतो. पहिल्या दिवशी स्वस्त वाटलेली नळी अशा वेळी महाग पडते. स्टेंट निवडताना रुग्ण किती दूर राहतो आणि त्याला घेऊन येणारे कोणी आहे का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे.

अडथळा यकृताच्या दाराशी असेल तर

मुख्य नलिकेच्या खालच्या टोकाचा अडथळा दूर करणे तुलनेने सोपे असते. उजवी आणि डावी नलिका जेथे मिळते, तेथील गाठ मात्र अवघड. येथे यकृताचे दोन किंवा अधिक भाग स्वतंत्रपणे अडलेले असतात. एकाच भागात नळी घालून कावीळ पुरेशी उतरत नाही. यकृताच्या निम्म्याहून अधिक भागातील पित्त वाहते झाले, तर परिणाम चांगला मिळतो. शिवाय ज्या भागात रंगद्रव्य गेले पण नळी बसली नाही, तेथे संसर्ग होण्याची भीती असते. त्यामुळे कोणत्या भागात नळी घालावयाची, हे एमआरसीपी पाहून आधीच ठरवावे लागते.

अशा रुग्णांत, किंवा गाठीने आतडेच बंद केल्यामुळे दुर्बीण पुढे जात नसेल तेव्हा, पीटीबीडी ही पद्धत उपयोगी पडते. यात क्ष-किरणतज्ज्ञ सोनोग्राफीच्या साह्याने उजव्या बरगड्यांमधून सुई थेट यकृतातील फुगलेल्या नलिकेत घालतात आणि नळीवाटे पित्त बाहेरील पिशवीत काढतात. पुढे याच मार्गाने आत धातूचा स्टेंट बसविता येतो आणि बाहेरची नळी काढून टाकता येते. पिशवी लावून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या शरीरातून पित्तासोबत पाणी आणि क्षारही जात असल्याने त्यांची भरपाई करावी लागते. नळी ओढली जाऊ नये, तिच्या भोवतालची जागा कोरडी राहावी, याचीही काळजी घ्यावी लागते.

तिसरा मार्ग एन्डोस्कोपिक सोनोग्राफीचा. दुर्बिणीच्या टोकाशीच सोनोग्राफीचे यंत्र असते. त्याच्या साह्याने जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून सुई फुगलेल्या पित्तनलिकेत घालून तेथेच स्टेंट बसविला जातो, म्हणजे अडथळा ओलांडण्याऐवजी वळणरस्ता तयार होतो. २००१ मध्ये फ्रान्समध्ये सुरुवात झालेली ही पद्धत आता भारतातील मोठ्या केंद्रांतही वापरली जाते. मात्र त्यासाठी विशेष कौशल्य लागते.

धोके कोणते?

ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येणे ही सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत. शंभरात साधारण तीन ते दहा रुग्णांना ती होते. बहुतेकांत ती सौम्य असते, पण काहींत गंभीर वळण घेते. गुदमार्गे दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनच्या स्वस्त गोळीने हा धोका कमी होतो. रक्तस्राव, नलिकेतील संसर्ग आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे, हे अन्य धोके. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास ती आधी डॉक्टरांना सांगावी लागतात. रक्त गोठण्याची तपासणी करून गरज भासल्यास 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाते.

स्टेंट बसल्यावर खाज बहुधा काही दिवसांत कमी होते. बिलिरुबिन उतरण्यास मात्र आठवडे लागतात. काही केमोथेरपीची औषधे यकृतामार्फत बाहेर टाकली जात असल्याने बिलिरुबिन पुरेसे उतरल्याशिवाय ती देता येत नाहीत. योग्य वेळी बसविलेला स्टेंट केमोथेरपीची संधी मिळवून देतो, तो याच अर्थाने. माळ आणि पाला यांत गेलेले महिना-दीड महिने येथे महागात पडतात.

घरी गेल्यानंतर

स्टेंट बसविलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर तो साधा ताप समजून क्रोसिन देऊन रात्र काढणे जिवावर बेतू शकते. नळी तुंबून पित्तात जंतुसंसर्ग झाल्याचे ते पहिले लक्षण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे प्रतिजैविके शिरेवाटे सुरू करून तुंबलेली नळी बदलता येते किंवा जुन्या धातूच्या स्टेंटमध्येच दुसरा स्टेंट बसविता येतो. लघवी पुन्हा गडद होणे, डोळे पुन्हा पिवळे दिसणे, खाज परतणे, ही अन्य लक्षणे. मळमळ, वारंवार उलट्या आणि पोट फुगणे सुरू झाल्यास गाठीने आतडे अडविले आहे का, हे पाहावे लागते.

स्टेंट कोणत्या प्रकारचा आहे, तो कोणत्या तारखेला बसविला आणि केव्हा बदलावयाचा, ही नोंद घरात सर्वांना दिसेल अशा जागी असावी. रुग्ण ज्या गावी राहतो, तेथून रात्री-अपरात्री कोठे जावयाचे आणि वाहन कोणाचे, हेही आधीच ठरलेले बरे.

आहाराबाबतचे गैरसमज रुग्णाचे अधिक नुकसान करतात. काविळीच्या नावाखाली तेल, तूप, हळद, डाळ बंद करून त्याला उकडलेल्या भाज्यांवर ठेवले जाते आणि आधीच खंगलेले शरीर आणखी खंगते. पित्त वाहू लागल्यावर रुग्णाने झेपेल तसे थोडे थोडे, पण सकस खावे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाचक रस कमी पडत असल्याने अन्न न पचता तेलकट, दुर्गंधीयुक्त शौच होते. जेवणासोबत पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल दिल्यास त्यात फरक पडतो. वजन घटणे हे केवळ कर्करोगामुळेच, असे गृहीत न धरता याबाबत डॉक्टरांना विचारावयास हवे.

खर्च आणि सोयी

प्लॅस्टिकचा स्टेंट काही हजार रुपयांत मिळतो, धातूच्या स्टेंटची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयातील स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. ती मर्यादा पित्तनलिकेच्या स्टेंटला लागू नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे स्टेंटची कंपनी, प्रकार, किंमत आणि प्रक्रियेचा एकूण खर्च आधी लेखी मागून घ्यावा.

शहरात १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे 'घाटी' रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न शासकीय कर्करोग रुग्णालय यांच्याकडे मराठवाड्यासह खानदेश आणि विदर्भाच्या सीमेवरील जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. आमखास मैदानाजवळील हे कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी येथील अनेक रुग्णांना कर्करोगावरील उपचारांसाठी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील मुंबईत, टाटा रुग्णालयात जावे लागत असे. शहरातील खासगी पोटविकारतज्ज्ञांकडेही ईआरसीपी केली जाते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली असून तिचे आरोग्य संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मात्र योजनेत समाविष्ट असलेल्या प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक उपचार होतोच असे नाही. ईआरसीपी किंवा पीटीबीडी त्या रुग्णालयात योजनेखाली होते का आणि स्टेंटचा खर्च त्यात धरला आहे का, याची चौकशी रुग्णालयातील 'आरोग्यमित्रा'कडे रुग्ण दाखल करण्यापूर्वीच करावी.

निर्णय कोणाचा?

आपल्याकडे कर्करोगाचे निदान पुष्कळदा रुग्णापासून लपविले जाते. 'नळीत खडा अडकला आहे, तो काढायचा आहे' असे सांगून रुग्णाला टेबलावर घेतले जाते. हेतू मायेचा असला, तरी त्याचे परिणाम रुग्णालाच भोगावे लागतात. खडा निघाला, म्हणजे आपण बरे झालो, अशी त्याची समजूत होते. मग ताप आला तरी तो सांगत नाही, नळी बदलण्याची तारीख पाळण्याचे कारण त्याला उमजत नाही आणि काही महिन्यांनी कावीळ परतली, की डॉक्टरांवरील आणि घरच्यांवरील त्याचा विश्वास उडतो. राहिलेले व्यवहार पूर्ण करणे, कोणाला भेटणे, काही सांगून ठेवणे यासाठी स्टेंटमुळे मिळालेला बरा काळही हातचा निघून जातो. किती सांगावयाचे आणि कोणत्या शब्दांत, हे घरोघरी वेगळे असेल. पण ही नळी कशासाठी आहे आणि ती काय करू शकणार नाही, एवढे तरी रुग्णाला कळावयास हवे.

प्रत्येक रुग्णाला स्टेंट घातलाच पाहिजे, असेही नाही. आयुष्य काही दिवसांचेच उरले असेल, रुग्ण ग्लानीत असेल आणि खाज किंवा संसर्गाचा त्रास नसेल, तर भूल, दुर्बीण आणि प्रवास यांचा ताण त्याच्यावर न लादता वेदना व अन्य त्रास कमी करणाऱ्या औषधांवर भर देणे हाही वैद्यकीयदृष्ट्या योग्य निर्णय ठरतो. याउलट रुग्ण हिंडता-फिरता असेल, केवळ काविळीने आणि खाजेने हैराण असेल, तर 'आता कर्करोगच आहे, कशाला त्रास द्यायचा' असे म्हणून त्याला तसेच ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होय. गाठ काढता येत नाही, याचा अर्थ खाजही थांबविता येत नाही असा होत नाही.

डॉक्टरांना हे अवश्य विचारा

- गाठ शस्त्रक्रियेने काढता येणार नाही, हे कोणत्या तपासणीवरून ठरले? कर्करोगाच्या शल्यचिकित्सकांचे मत घेतले आहे का?
- पेशींची तपासणी झाली आहे का? क्षयरोग किंवा अन्य आजाराची शक्यता वगळली आहे का?
- अडथळा नलिकेच्या खालच्या टोकाशी आहे की यकृताच्या दाराशी?
- स्टेंट प्लॅस्टिकचा की धातूचा? आवरण असलेला की नसलेला? तो का निवडला?
- ईआरसीपी यशस्वी झाली नाही, तर पुढचा मार्ग कोणता आणि तो याच रुग्णालयात उपलब्ध आहे का?
- स्टेंटनंतर केमोथेरपी देता येईल का आणि ती केव्हा सुरू होईल?
- रात्री ताप आल्यास कोणाला दूरध्वनी करावयाचा आणि कोठे जावयाचे?